'ओव्हरलुक' की 'इग्नोर'? पाच इंग्रजी शब्दकोशांची पारख

एखाद्या ग्राहकाचं पत्र टेबलावर पडून राहिलं आणि आता त्याला उत्तर लिहायचं आहे. मराठीत "आपल्या पत्राकडे दुर्लक्ष झालं, क्षमस्व" एवढं पुरतं. यात 'झालं' महत्त्वाचं. दुर्लक्ष 'झालं' म्हटलं की हेतू नव्हता, दुर्लक्ष 'केलं' म्हटलं की होता. नाम तेच राहतं आणि सगळा फरक शेजारच्या क्रियापदात असतो. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे हेतू होता की नव्हता, हे शब्दाच्या निवडीतच ठरतं. "वी इग्नोर्ड युअर लेटर" याचा अर्थ पत्र पाहिलं आणि मुद्दाम बाजूला सारलं. "वी ओव्हरलुक्ड युअर लेटर" म्हणजे ते नजरेतून सुटलं. पहिलं वाक्य लिहून माफी मागितली, तर ग्राहक आणखी चिडणार आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

इंग्रजी-मराठी कोशात ओव्हरलुक, इग्नोर, नेग्लेक्ट, डिसरिगार्ड यांतला कुठलाही शब्द काढा, 'दुर्लक्ष करणे' बहुधा सापडतंच. पुढे स्वल्पविराम देऊन आणखी एक-दोन प्रतिशब्द असतात, पण कुठला कधी वापरायचा ते नसतं. म्हणून या शब्दांसाठी इंग्रजी-इंग्रजी कोशच हवा. प्रश्न एवढाच की कुठला. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन, केंब्रिज, कॉलिन्स कोबिल्ड आणि मेरियम-वेबस्टर हे पाचही कोश संकेतस्थळावर फुकट आहेत, जाहिराती तेवढ्या सहन कराव्या लागतात. आम्ही ते एकाच कसोटीवर पाहिले: ज्याच्याकडून दुर्लक्ष झालं त्याला माहीत होतं की नव्हतं, त्याची जबाबदारी होती की नव्हती, आणि शब्दामागे वाक्य कसं चालतं, हे कोश सांगतो का?

खरी परीक्षा 'ओव्हरलुक' घेतो, कारण त्याच्या पोटात जवळजवळ उलटे अर्थ आहेत. एक, नजरेतून सुटणं. दोन, चूक दिसत असूनही पोटात घालणं, म्हणजेच कानाडोळा करणं. पहिल्यात माणसाला माहीतच नाही, दुसऱ्यात पुरतं माहीत आहे. तिसरा अर्थ बढतीच्या वेळी एखाद्याला डावलण्याचा. चौथा आपल्याकडे घरांच्या जाहिरातींमुळे सगळ्यांच्या ओळखीचा: 'गार्डन ओव्हरलुकिंग फ्लॅट', म्हणजे खिडकीतून खाली बाग दिसते.

ऑक्सफर्ड हे चारही अर्थ वेगवेगळे क्रमांक देऊन मांडतो आणि त्यांतल्या तिघांना स्वतंत्र समानार्थी शब्द जोडतो. पहिल्याला 'मिस', दुसऱ्याला 'टर्न अ ब्लाइंड आय', डावलण्याच्या अर्थाला 'पास ओव्हर'. ही जोडणी फार उपयोगाची आहे, कारण समानार्थी शब्द अर्थागणिक बदलतो हे त्यातून उघड दिसतं. लाँगमन पहिल्या अर्थात एक बारकावा जास्त देतो: न दिसणं, किंवा दिसूनही त्याचं महत्त्व न कळणं. ऑडिटच्या शेऱ्यांमध्ये किंवा संशोधनाच्या लेखांमध्ये 'ओव्हरलुक' बहुतेक याच अर्थाने येतो. आकडा समोर होता, पण त्याचं वजन कुणाच्या ध्यानात आलं नाही. कोबिल्डही हाच बारकावा देतो, आणि तोही पूर्ण वाक्यात: तुम्ही एखादी वस्तुस्थिती किंवा अडचण ओव्हरलुक करता तेव्हा ती तुम्हाला दिसत नाही किंवा ती किती महत्त्वाची आहे ते कळत नाही. 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रकल्पातून कोबिल्ड आला, तेव्हापासून व्याख्या पूर्ण वाक्यात देणं ही त्याची ओळख आहे. त्याचा फायदा असा की कर्ता कोण आणि कर्म कोणतं, हे व्याख्येतच दिसतं. 'फॅक्ट' आणि 'प्रॉब्लेम' ओव्हरलुक होतात, 'फॉल्ट्स' आणि 'बिहेव्हियर' पोटात घातले जातात, आणि 'बिल्डिंग' किंवा 'विंडो' कर्ता असेल तर खाली काहीतरी दिसतं. कर्ता-कर्म पाहून अर्थ ओळखायची सवय लागली की पुढे कोश उघडायची गरजच कमी होते.

मेरियम-वेबस्टर इथे सावधपणे वाचावा लागतो. तो अर्थ इतिहासाच्या क्रमाने देतो, जुना आधी. त्यामुळे 'ओव्हरलुक'च्या नोंदीत सुरुवातीला तपासणं, वरून पाहणं हे येतं, आणि आज सर्रास चालणारा 'नजरेतून सुटणं' मागाहून. देखरेख करणं आणि चक्क दृष्ट लावणं हेही अर्थ त्यात आहेत. शब्दाची वाट जाणून घ्यायला हे सुंदर आहे. पण ऑफिसात घाईने पहिला अर्थ उचलणारा माणूस हमखास चुकेल. 'ओव्हरलुक्ड बाय द मॅनेजर'चा अर्थ 'व्यवस्थापकाने तपासलेलं' असा लावला की सगळंच उलटं झालं.

याच कुळातले आणखी दोन सापळे. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर टाकून तपासणं. दोन तुकड्यांची जागा बदलली की अर्थ विरुद्ध टोकाला जातो. "प्लीज लुक ओव्हर द ड्राफ्ट" ही मसुदा पाहण्याची विनंती, "प्लीज ओव्हरलुक द एरर्स" ही चुका पोटात घालण्याची. दुसरा 'ओव्हरसाइट'. या नामाला नजरचूक हाही अर्थ आहे आणि देखरेख हाही. ओळखायची खूण व्याकरणात आहे. 'ॲन ओव्हरसाइट' असं मोजता येण्याजोगं नाम असेल, किंवा 'ड्यू टू', 'बाय', 'थ्रू' यांच्या मागे आलं असेल, तर नजरचूक. एखाद्या कामावरचा 'ओव्हरसाइट' किंवा 'ओव्हरसाइट कमिटी' असेल तर देखरेख. पाचही कोशांत दोन्ही अर्थ आहेत. पण शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत नाम मोजता येतं की नाही याची खूण नोंदीतच असते, आणि इथे नेमकी तीच कामी येते. मेरियम-वेबस्टरच्या मुख्य कोशात ती नसते. आणि हो, 'ओव्हरसी' म्हणजे फक्त देखरेख. त्यात नजरचुकीचा अंशही नाही.

'इग्नोर'कडे वळू. केंब्रिजच्या व्याख्येत 'इंटेन्शनली' आहे, लाँगमनच्या व्याख्येत 'डिलिबरेटली', मेरियम-वेबस्टरमध्ये दखल घ्यायला नकार देणं आहे. ऑक्सफर्डच्या पहिल्या अर्थात मात्र नुसतं लक्ष न देणं एवढंच येतं. समोरचा माणूस दिसूनही न दिसल्यासारखं करणं हा दुसरा अर्थ झाला. अनुभवी वाचकाला एवढं पुरतं. पण 'दुर्लक्ष होणे' आणि 'दुर्लक्ष करणे' या दोन्हींसाठी एकच इंग्रजी शब्द शोधत आलेल्या मराठी विद्यार्थ्याला 'मुद्दाम' हा एक शब्द स्पष्ट हवा असतो. या नोंदीपुरते केंब्रिज आणि लाँगमन पुढे आहेत. कोबिल्ड इथे एक गोष्ट जास्त सांगतो: एखादा युक्तिवाद किंवा सिद्धांत महत्त्वाची बाजू 'इग्नोर' करतो असं म्हटलं जातं, तेव्हा ती टीका असते. तिथे मुद्दामपणा सिद्ध करावा लागत नाही, कारण सिद्धांताला मन नसतं. प्रबंध लिहिणाऱ्यांनी ही नोंद जरूर वाचावी.

'इग्नोर'मधली सगळ्यात महागात पडणारी चूक कोश स्वतःहून दाखवत नाहीत, ती नामाची. 'इग्नोरन्स' म्हणजे दुर्लक्ष नव्हे, अज्ञान. "द इग्नोरन्स ऑफ द ऑफिसर" असं तक्रारअर्जात लिहिलं, तर अधिकाऱ्याने लक्ष दिलं नाही असं होत नाही, अधिकारी अडाणी आहे असं होतं. इथे हवा असतो 'नेग्लेक्ट', 'डिसरिगार्ड' किंवा 'इनॲक्शन'. 'इग्नोर' वाचल्यावर लगेच 'इग्नोरन्स'ही वाचावा. छापील कोशात दोन्ही नोंदी जवळजवळच असतात, हा कागदाचा एक फायदा.

'नेग्लेक्ट'च्या मुळाशी जबाबदारी आहे. ज्याची काळजी घेणं तुमचं काम होतं त्याची हेळसांड, आबाळ, हयगय. केंब्रिजने व्याख्येतच ही जबाबदारी घातली आहे: जी माणसं किंवा गोष्टी तुमच्यावर सोपवलेल्या आहेत त्यांच्याकडे पुरेसं लक्ष न देणं. आमच्या मते या शब्दाची पाचही कोशांतली सर्वांत नेमकी व्याख्या हीच. रस्त्यावरच्या अनोळखी पाटीवरचं शुद्धलेखन कुणी नेग्लेक्ट करत नाही. झाड, मूल, आजारी माणूस, इमारत, अभ्यास, तब्येत, कर्तव्य नेग्लेक्ट होतं. दुसरी गोष्ट, नेग्लेक्टला वेळ लागतो. पत्र एकदा वाचायचं राहिलं तर ते ओव्हरलुक, सहा महिने पत्रव्यवहारच पाहिला नाही तर नेग्लेक्ट.

कायद्याच्या भाषेत हा शब्द किती तोलून वापरला जातो ते पाहण्यासारखं आहे. पत्नी, मुलं आणि आईवडिलांच्या पोटगीचं 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 125, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 म्हणून आहे, त्यात 'नेग्लेक्ट्स ऑर रिफ्यूजेस' अशी जोडी आहे. म्हणजे पोसायला तोंडावर नकार देणारा तर त्यात येतोच, पण नकार न देता नुसती आबाळ होऊ देणाराही येतो. तिथे 'इग्नोर्स' लिहिलं असतं तर जबाबदारीचा धागा तुटला असता, आणि 'ओव्हरलुक्स' लिहिलं असतं तर पळवाट झाली असती.

'नेग्लेक्ट' आणि 'नेग्लिजन्स' यांतही गल्लत होते. नेग्लिजन्स म्हणजे हलगर्जी, घ्यायला हवी होती ती खबरदारी न घेणं. कायद्यात आणि वैद्यकीय व्यवसायात त्याला ठरलेला अर्थ आहे, तेव्हा साध्या तक्रारीत तो जपून वापरावा. 'नेग्लिजिबल' त्याच घराण्यातलं असलं, तरी त्याचा अर्थ 'नगण्य' एवढाच.

क्रियापदांमागे काय चालतं यात मात्र ऑक्सफर्डला तोड नाही, आणि त्याला इतिहास आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर हा कोश केला, तो आधी 1942 मध्ये जपानमध्ये निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापला. परक्या भाषिकाला अर्थापेक्षा वाक्यरचना जास्त अडते, हे त्यांनी वर्गात पाहिलेलं होतं. म्हणून क्रियापदांचे साचे या कोशाच्या पायातच आहेत. 'नेग्लेक्ट टू डू समथिंग' हा साचा नोंदीत ठळक दिसतो: "ही नेग्लेक्टेड टू साइन द फॉर्म" बरोबर. 'ओमिट टू डू' बरोबर, पण औपचारिक. 'इग्नोर टू डू' आणि 'ओव्हरलुक टू डू' चूक. 'इग्नोर'मागे थेट कर्म लागतं, मध्ये 'टू' किंवा 'अबाउट' नको. 'ओव्हरलुक'मागे वाक्य जोडायचं असेल तर 'द फॅक्ट दॅट' मध्ये घ्यावं लागतं. साचा नोंदीत नसेल तर तो वापरू नये, हा नियम या शब्दांपुरता तरी डोळे मिटून पाळावा.

'मिस'मध्ये मराठी माणूस सहसा अडखळत नाही, गाडी मिस झाली हे आपण रोज म्हणतो. एकच लक्षात ठेवायचं: 'मिस'मागे 'आयएनजी' रूप आलं की अर्थ चुकल्या-चुकल्यासारखं वाटणं असा होऊ शकतो. "आय मिस गोइंग टू द मीटिंग्ज" म्हणजे बैठकांना जाणं राहिलं असं नव्हे, बैठकांची आठवण येते. जाणं राहिलं तर सरळ "आय मिस्ड द मीटिंग".

'डिसरिगार्ड' म्हणजे माहीत असून बिनमहत्त्वाचं मानणं. ऑक्सफर्ड त्यावर औपचारिक अशी खूण करतो, आणि ती खरी आहे. "प्लीज डिसरिगार्ड दिस रिमाइंडर इफ ऑलरेडी पेड" हे बिलांवरचं वाक्य त्याचं घरचं ठिकाण. 'फेल टू' मात्र समजून घ्यायला हवं. बँकेच्या नोटिशीत "यू हॅव फेल्ड टू पे" येतं तेव्हा तुम्ही प्रयत्न करून अपयशी ठरलात असं त्यांना म्हणायचं नसतं. भरायला हवं होतं, भरलं नाही, एवढंच. चिडून उत्तर लिहायच्या आधी ही नोंद पाहावी.

'ओमिट'ची ऑक्सफर्डमधली व्याख्या आम्हाला फार आवडते, कारण ती स्पष्टच सांगते की वगळणं मुद्दाम असेल किंवा विसरून, दोन्ही चालतं. हेतू उघड न करता लिहायचं असेल तेव्हा हा शब्द सोन्यासारखा. बिलांच्या तळाशी 'ई. अँड ओ. ई.' छापलेलं असतं, म्हणजे 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड'. आपल्या व्यापाऱ्यांचं 'भूलचूक देणे घेणे' हेच काम करतं: चुकलेलं आणि राहून गेलेलं मागाहून दुरुस्त करायचा हक्क राखून ठेवणं.

आता मेरियम-वेबस्टरची बाजू, कारण वर त्याला थोडं कमी लेखल्यासारखं झालं. त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे इतकी चांगली नाही. 'नेग्लेक्ट'ची नोंद उघडून खाली गेलात की 'चूज द राइट सिनोनिम' या मथळ्याखाली एक परिच्छेद मिळतो. नेग्लेक्ट, डिसरिगार्ड, इग्नोर, ओव्हरलुक, स्लाइट, फर्गेट असे शब्द एका ओळीत उभे करून प्रत्येकाची खुबी एका वाक्यात सांगितलेली असते. नेग्लेक्ट: लक्ष द्यायला हवं होतं, पुरेसं दिलं नाही. डिसरिगार्ड: आपखुशीने. इग्नोर: डोळ्यांसमोर असलेलं न पाहणं. ओव्हरलुक: घाईने किंवा निष्काळजीपणाने. स्लाइट: तुच्छतेने, समोरच्याचा अपमान होईल असं. मराठीत आपण 'उपेक्षा' म्हणतो ती बऱ्याचदा 'स्लाइट'च्या जवळ जाते. शिक्षकांनी हा परिच्छेद वर्गात फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक शब्दासमोर मुलांकडून मराठी शब्द काढून घ्यावेत: नजरेतून सुटणं, कानाडोळा, हयगय, आबाळ, डावलणं, वगळणं, राहून जाणं. शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, सवयीने सगळीकडे 'दुर्लक्ष' येतं इतकंच. मराठी शब्द आठवत नसेल तर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. तिथे संपूर्ण मजकुरात शोधायची सोय निवडून इंग्रजी शब्द टाकला, की ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आला आहे ते सगळे समोर येतात. जुने, बोलीतले, विसरलेलेसुद्धा.

वर्डमध्ये शिफ्ट आणि एफ 7 दाबून उघडणारा समानार्थी शब्दांचा तक्ता मात्र या कामासाठी वापरू नये. 'ओव्हरलुक' टाकलं की यादी मिळते, पण कुठला शब्द मुद्दाम आणि कुठला नकळत, याची एकही खूण नसते. आपल्याला आधीच माहीत असलेला, पण ऐनवेळी न सुचणारा शब्द आठवायला तो ठीक आहे. जुन्या पुस्तिकांमध्ये मॅकमिलनच्या ऑनलाइन कोशाची शिफारस असते, पण ते संकेतस्थळ 2023 मध्ये बंद झालं. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर कोबिल्डची नोंद आधी येते आणि तिच्याखाली त्याच पानावर दुसऱ्या ब्रिटिश आणि अमेरिकी कोशांच्या नोंदी येतात. पूर्ण वाक्यातल्या व्याख्या संपल्या की तिथेच थांबावं, नाहीतर दोन कोशांचे क्रमांक एकमेकांत मिसळतात.

घरात एकच ठेवायचा असेल तर आमची पसंती लाँगमन. 1978 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्याच्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांत लिहिलेल्या आहेत, त्यामुळे एका नोंदीसाठी दुसरी उघडावी लागत नाही. लाल अक्षरातल्या खुणांवरून शब्द बोलण्यात जास्त येतो की लिहिण्यात, तेही कळतं. पत्रं आणि अर्ज लिहिणाऱ्यांनी ऑक्सफर्ड घ्यावा, साच्यांसाठी. यातले शब्द गेल्या काही दशकांत बदललेले नाहीत, म्हणून पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा कुठल्याही जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळणारी आधीची आवृत्तीही चालेल. फक्त चोरट्या छपाईची प्रत घेऊ नका. तीत बारीक टाइप पुसट उमटतो, आणि पहिल्यांदा दिसेनासे होतात ते व्याकरणाचे कंस आणि उच्चाराच्या खुणा. दुकानात उभ्याउभ्या 'नेग्लेक्ट' आणि 'ओव्हरसाइट' यांची पानं उघडा. 'टू डू समथिंग' हा ठळक साचा आणि 'ओव्हरसाइट'शेजारची मोजता येणाऱ्या-न येणाऱ्या नामाची खूण हात लांब करूनही वाचता आली, तर पैसे द्या.